नवा स्मार्टफोन पारखताना : साधनचिकित्सेचा एक पाठ

इतिहासाच्या अभ्यासात एक दंडक पाळावा लागतो. समोर आलेला कागद कितीही प्रतिष्ठित हातांतून आलेला असो, तपासल्यावाचून तो पुरावा ठरत नाही. ताम्रपट असो, बखर असो किंवा सरकारी दफ्तरातील अहवाल असो, त्याला प्रश्न विचारावे लागतात. हा मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय सांगायचे राहून गेले? या शिस्तीला साधनचिकित्सा म्हणतात. ही शिस्त परीक्षेतील गुणांपुरती शिकायची नसते. घरात येणाऱ्या प्रत्येक छापील दाव्याला ती लावता आली पाहिजे.

सुटीच्या दिवशी वसतिगृहात मुलांना भेटायला येणारे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात, ‘सर, पोरीला कोणता फोन घ्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कंपनीचे नाव सांगून देता येत नाही. आज सांगितलेले नाव सहा महिन्यांत मागे पडते. फोन कसा पारखावा, हे मात्र शिकता येते आणि शिकवताही येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. त्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आलेला ‘जिओफोन नेक्स्ट’ हा फोन प्रथमच स्मार्टफोन घेणाऱ्या कुटुंबांसाठी म्हणून विक्रीस आला होता. तो तेव्हा नवा होता, आता त्याला काही वर्षे लोटली आहेत. म्हणून त्याची पारख दोनदा करता येईल, एकदा तो नवा असतानाची आणि एकदा काळाने केलेली.

१. बहिरंग परीक्षा : हे कोण सांगते आहे?

रिलायन्स कंपनीच्या २४ जून २०२१ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या फोनची घोषणा झाली. १० सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, तो मिळणार होता. जगभर चिपचा तुटवडा असल्यामुळे विक्री पुढे गेली आणि ४ नोव्हेंबरला, दिवाळीत, तो दुकानांत आला. किंमत ६,४९९ रुपये ठेवण्यात आली. फोनची आज्ञाप्रणाली गूगलच्या सहकार्याने तयार झाली होती. याच गूगलने जुलै २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ३३,७३७ कोटी रुपये गुंतवून ७.७ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले होते.

हा तपशील वाचताना विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. फोन विकणारी आणि त्या फोनवर रोज वापरायचा डेटा विकणारी कंपनी एकाच समूहातील आहे. त्यात गैर काही नाही. परंतु विक्रेत्याची कमाई कोठून होणार, हे कळले की त्याच्या जाहिरातीत कशावर भर असेल आणि कोणती गोष्ट बारीक अक्षरांत असेल, याचा अंदाज बांधता येतो. डेटा विकणाऱ्याला फोन स्वस्त करणे परवडते, कारण त्याचे उत्पन्न फोन विकल्यानंतर सुरू होते.

दुसरा प्रश्न काळाचा. ‘नवा’ हा शब्द कोणत्या भागाला लागू आहे? या फोनमध्ये क्वालकॉमची २१५ ही चिप बसवली होती आणि ती चिप जुलै २०१९ मध्ये जाहीर झालेली होती. म्हणजे फोन नवा आणि त्याचा मेंदू दोन वर्षांपूर्वीचा. स्वस्त फोनांत असे सर्रास घडते, त्यात फसवणूक नाही. मात्र खोक्यावरच्या ‘नवा’ या शब्दाने भुलू नये. आतील मुख्य भाग कोणत्या सालचा आहे, हे विचारावे.

२. अंतरंग परीक्षा : आकडे काय बोलतात?

फोनच्या खोक्यावर आकडे छापलेले असतात. ते बहुधा खरे असतात. परंतु खरा आकडाही अर्धीच माहिती देतो. एकेक पाहू.

रॅम २ जीबी आणि साठवण क्षमता ३२ जीबी. या दोहोंत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. साठवण म्हणजे कपाट, रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल. कपाट मोठे असले तरी टेबल लहान असेल, तर एका वेळी दोनच पुस्तके उघडता येतात. तिसरे उघडायचे तर पहिले मिटावे लागते. २ जीबी रॅमच्या फोनवर वर्गाचा व्हिडिओ सुरू असताना दुसरे ॲप उघडले की पहिले बंद पडण्याचा संभव असतो, तो यामुळे. या फोनमध्ये कमी रॅमसाठी तयार केलेली अँड्रॉइडची हलकी ‘गो’ आवृत्ती होती. तिने अडचण कमी होते, नाहीशी होत नाही. कपाटाचेही तसेच. ३२ जीबीतील काही भाग आज्ञाप्रणालीच व्यापते आणि उरलेलाच आपला. या फोनमध्ये मेमरी कार्ड घालण्याची सोय होती, ही जमेची बाजू.

कॅमेरा १३ मेगापिक्सेल. म्हणजे छायाचित्रात सुमारे १ कोटी ३० लाख बिंदू. परंतु पडदा ७२० गुणिले १४४० बिंदूंचा, म्हणजे एकूण १०,३६,८०० बिंदूंचा. टिपलेल्या बिंदूंपैकी फार थोडे आपण पडद्यावर एका वेळी पाहतो. शिवाय छायाचित्राची प्रत केवळ बिंदूंच्या संख्येवर ठरत नाही. प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचा आकार, भिंगाची प्रत आणि चिपची ताकद या गोष्टी खोक्यावर ठळक नसतात. वहीचे पान टिपून शिक्षकांना पाठवण्यास १३ मेगापिक्सेल पुरेसे आहेत. अधिक आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे विद्यार्थ्याला कारण नाही.

बॅटरी ३,५०० मिलीअँपिअर-तास. हा आकडा एकटा वाचून कळत नाही. तुलनेसाठी रेडमी ९ए हा फोन घेऊ. सप्टेंबर २०२० मध्ये तो भारतात आला, तेव्हा २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीसाठी त्याची किंमत ६,७९९ रुपये होती. त्याची बॅटरी ५,००० मिलीअँपिअर-तासांची, पडदा ६.५३ इंचांचा आणि चिप आठ गाभ्यांची, कमाल २ गिगाहर्ट्झ वेगाची होती. जिओफोन नेक्स्टचा पडदा ५.४५ इंचांचा आणि चिप चार गाभ्यांची, कमाल १.३ गिगाहर्ट्झ वेगाची. छापील किमतींत फरक अवघा ३०० रुपयांचा. एक वर्ष आधी आलेला फोन या तीन बाबतींत सरस होता. तुलनेवाचून मूल्यमापन नाही, हा इतिहासातला नियम येथेही खरा ठरतो. एकच बखर वाचून युद्धाचा निकाल लिहीत नाहीत.

३. बलस्थाने

आकड्यांत हा फोन मागे होता, म्हणून तो टाकाऊ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही गुण आकड्यांत मावत नाहीत.

पहिला गुण वाचून दाखवण्याचा. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे आणि तो दुसऱ्या भाषेत उलगडून सांगणे, या सोयी दहा भारतीय भाषांसाठी दिल्या असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. ज्या घरात नात दहावीला आहे आणि आजीला अक्षरओळख नाही, त्या घरात या सोयीचे मोल चिपच्या वेगाहून अधिक आहे. शासनाच्या योजनेचा संदेश आजीला स्वतः ऐकता आला, तर तिला दुसऱ्या कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. मात्र दावा वाचून थांबू नये. दुकानातच एखादा मराठी मजकूर उघडावा, तो वाचून घ्यावा, उच्चार समजतात का ते पाहावे.

दुसरा गुण दुरुस्तीचा. या फोनचे मागचे झाकण उघडून बॅटरी काढता येत असे. बॅटरी हा फोनचा लवकर झिजणारा भाग आहे. ती घरच्या घरी बदलता आली, तर फोनचे आयुष्य वाढते. महागड्या फोनांतूनही ही सोय आज दिसेनाशी झाली आहे.

तिसरा गुण काचेचा. पडद्यावर गोरिला ग्लास ३ ही कठीण काच होती. ज्या फोनला घरातील सहा जणांचे हात लागतात, त्याला ही काच शोभेची नव्हे.

४. उणिवा

चार्जिंगसाठी जुन्या पद्धतीचे मायक्रो-यूएसबी तोंड होते. ते एकाच बाजूने बसते आणि घाईत उलटे खुपसले की खराब होते. बोटाच्या ठशाने फोन उघडण्याची सोय नव्हती. चिप मंद असल्याने ॲप उघडायला वेळ लागे.

याहून महत्त्वाची उणीव आकड्यांच्या रकान्यात नव्हती, ती अटींत होती. फोनमध्ये दोन सिमकार्डांची जागा होती, तरी मोबाईल डेटा जिओच्या सिमवरूनच चालणार होता. ज्या वाडीवर दुसऱ्याच कंपनीचा मनोरा आहे, त्या वाडीवर हा फोन बोलण्याच्या उपयोगाचा, वर्गाच्या उपयोगाचा नाही. शहरातील ग्राहकाला जी अट जाणवणारही नाही, ती डोंगराकडच्या कुटुंबासाठी निर्णायक ठरते. म्हणून गुण आणि दोष वस्तूत जितके असतात, तितकेच ती वापरणाऱ्याच्या परिस्थितीतही असतात.

५. खरी किंमत : एक हिशेब

आता या पाठाचा गाभा. फोन रोखीने ६,४९९ रुपयांना होता. हप्त्याने घ्यायचा तर १,९९९ रुपये आधी आणि ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क, म्हणजे २,५०० रुपये सुरुवातीला. पुढे डेटासह मासिक हप्ता. रोज दीड जीबी डेटाची योजना घेतली, तर १८ महिन्यांसाठी दरमहा ५०० रुपये किंवा २४ महिन्यांसाठी दरमहा ४५० रुपये.

१८ महिन्यांचे ५०० प्रमाणे ९,००० आणि आरंभीचे २,५००, एकूण ११,५०० रुपये. २४ महिन्यांचे ४५० प्रमाणे १०,८०० आणि २,५००, एकूण १३,३०० रुपये. ‘६,४९९ चा फोन ११,५०० ला पडला’ असे कोणी म्हणेल. ते अर्धसत्य आहे, कारण हप्त्यात डेटाही आहे. दुसरी बाजू मांडू. १ डिसेंबर २०२१ पासून जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा रिचार्ज २३९ रुपयांना झाला. १८ महिन्यांचे सुमारे ५४८ दिवस. त्यासाठी असे २० रिचार्ज लागतात. २० गुणिले २३९ म्हणजे ४,७८० रुपये. फोन रोखीने घेऊन हे रिचार्ज केले, तर एकूण ११,२७९ रुपये. हप्त्यातील फरक २२१ रुपयांचा.

म्हणजे हप्ता पैशांच्या हिशेबाने फारसा महाग नव्हता. प्रामाणिक चिकित्सेने हेही मान्य केले पाहिजे. मग धोका कोठे आहे? तो बंधनात आहे. रोखीने फोन घेतलेले कुटुंब अडचणीच्या महिन्यात रिचार्ज थांबवू शकते. फोन घरातच राहतो, त्यात साठवलेले धडे वाचता येतात, पैसे आले की पुन्हा रिचार्ज होतो. हप्ता मात्र थांबत नाही. आपल्याकडील अनेक पालक ऊसतोडणीला जातात. त्यांच्या हाती उचल येते ती हंगामाच्या तोंडावर. पावसाळ्याचे महिने रिकाम्या हाताने काढावे लागतात. हप्त्याला हंगाम कळत नाही. दरमहा पगार घेणाऱ्यासाठी ५०० रुपयांचा हप्ता ही सोय आहे. हंगामी मजुरासाठी तोच हप्ता पावसाळ्यात नवी उसनवारी होऊ शकतो. म्हणून हप्त्याचा करार करताना तीन प्रश्न आधी विचारावेत. हप्ता चुकला तर दंड किती? फोन बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे काय? मुदतीआधी सर्व रक्कम भरता येते काय? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, कागदावर पाहावीत.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे १३ रिचार्ज होतात. नोव्हेंबर २०२१ पर्यंत १९९ रुपयांना असलेला हाच रिचार्ज डिसेंबरात २३९ झाला आणि जुलै २०२४ मध्ये २९९. वर्षाचा खर्च २,५८७ रुपयांवरून ३,८८७ रुपयांवर गेला. दोन वर्षांचे रिचार्जच ७,७७४ रुपयांचे, म्हणजे या फोनच्या किमतीहून अधिक. बैल विकत घेताना वैरणीचा विचार करणारा शेतकरी फोन घेताना रिचार्जचा विचार का विसरतो?

६. फोन घरात येतो, हाती कोणाच्या जातो?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरी कुटुंबांत हे प्रमाण ४२ टक्के होते. पुढे दोनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि वर्ग फोनवर गेले. त्या काळात ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांचा वर्गच बंद झाला. म्हणून आपल्या मुलांसाठी फोनला चैन म्हणणे आता योग्य नाही.

परंतु घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के आढळले. वडिलांच्या खिशात दिवसभर कामावर जाणारा वीस हजारांचा फोन मुलीच्या अभ्यासाला शून्य किमतीचा आहे. साडेसहा हजारांचा मंद फोन संध्याकाळी ठरलेले दोन तास तिच्या हाती येत असेल, तर तिच्यासाठी तो सरस. फोनची पारख करताना हा प्रश्न कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो; तो पालकांनी स्वतःच लिहून घ्यायचा आहे.

त्याचबरोबर जो फोन मुलीला पुस्तक देतो, तोच तिचे लक्षही मागतो. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती आणि सारख्या वाजणाऱ्या सूचना वेळ खातात, आणि हा दोष स्वस्त व महाग दोन्ही फोनांत सारखाच आहे. घरातील वेळापत्रकात फोनलाही तास नेमून द्यावा.

७. काळाचा निकाल

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सेवेचा प्रारंभ झाला. जिओफोन नेक्स्ट हा ४जी फोन होता. ज्यांनी तो नोव्हेंबर २०२१ मध्ये २४ महिन्यांच्या हप्त्याने घेतला, त्यांचे निम्म्याहून अधिक हप्ते बाकी असतानाच पुढची पिढी येऊन ठेपली. यावरून फोन निरुपयोगी झाला असे मात्र नाही. ४जी सेवा सुरूच राहिली आणि वर्गाचे व्हिडिओ तीवर चालत राहिले. ‘जुना’ ठरणे आणि निकामी होणे यांत अंतर आहे. जाहिरात ते अंतर पुसू पाहते.

जुलै २०२३ मध्ये जिओने ९९९ रुपयांचा ‘जिओ भारत’ हा कीपॅडचा ४जी फोन आणला. स्मार्टफोनची किंमत न परवडणारा फार मोठा वर्ग देशात शिल्लक आहे, याची ही बाजाराने दिलेली कबुलीच म्हणावी लागेल. ६,४९९ रुपये स्वस्त की महाग, याचे उत्तर खोक्यावर नव्हते, घराच्या मिळकतीत होते.

फोनचे खरे आयुष्य सुरक्षा-अद्यतनांवरही अवलंबून असते. ती मिळणे थांबले की फोन चालत राहतो, परंतु बँकेचे व्यवहार करण्यास तो धोक्याचा होतो. म्हणून नवा फोन घेताना ‘अद्यतने किती वर्षे मिळतील?’ हा प्रश्न रॅमच्या आधी विचारावा.

निष्कर्ष

जिओफोन नेक्स्ट कोणासाठी योग्य होता? ज्या घरात मनोरा अनुकूल होता, नियमित उत्पन्न होते, वाचता न येणारी वडील माणसे होती आणि फोनचे काम वर्ग व संदेश एवढेच होते, त्या घरासाठी तो उपयोगी होता. ज्या घराची मिळकत हंगामी होती किंवा जेथे जिओचा मनोरा नव्हता, त्या घराने थोडे थांबून, रोख रक्कम साठवून, कोणत्याही सिमवर चालणारा फोन घेणे हिताचे होते. एकाच वस्तूबद्दलचे हे दोन निकाल परस्परविरोधी नाहीत. पुरावा तोच, प्रश्न विचारणारे घर निराळे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या घरी फोन घेण्याची वेळ येईल, तेव्हा दुकानदाराशी बोलणारे घरातील पहिले शिकलेले माणूस कदाचित तुम्हीच असाल. तुमच्या आईवडिलांच्या घामाचे पैसे त्या काउंटरवर ठेवले जातील. तेव्हा पडद्याच्या लखलखाटाकडे पाहण्याआधी कागद मागा, वाचा, बेरीज करा आणि मगच बोला. शिक्षणाचा घराला झालेला लाभ अशा वेळी मोजता येतो.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील फोनचा गेल्या एका वर्षाचा रिचार्जचा खर्च काढा आणि फोनच्या किमतीशी त्याची तुलना करा.
२. वर्तमानपत्रातील फोनची एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यात सांगितलेल्या तीन गोष्टी आणि न सांगितलेल्या तीन गोष्टी लिहा.
३. हप्त्याने विकल्या जाणाऱ्या कोणत्याही एका वस्तूची एकूण किंमत काढा. हप्ता चुकल्यास काय होते, याची अट शोधून लिहा.
४. तुमच्या घरात फोन दिवसातील किती वेळ कोणाच्या हाती असतो, याचा आठ दिवसांचा तक्ता करा आणि तो घरच्यांना वाचून दाखवा.